'येणार नाही' कळवण्यासाठी इथे दाबा

सिरसाळ्याच्या बाजारात वीरभद्रअप्पांचं पाण्याच्या मोटारी-पाइपांचं दुकान आहे. संध्याकाळी दुकान बंद करताना अप्पा कुलूप लावतात आणि ओढून बघतात. यात विशेष काही नाही, कुलूप लावणारा प्रत्येक जण ओढून बघतो. पण अप्पा मग घराकडे निघतात, हनुमानच्या ऑनलाइन सेंटरपर्यंत जातात, तिथं थबकतात, मागे फिरतात आणि पुन्हा एकदा ओढून बघतात. त्यांच्या पत्नी दानम्मा म्हणतात की चोर आलाच तर त्याला कुलूप तोडायची गरज पडणार नाही, ह्यांनी ओढून ओढून ते आधीच ढिलं करून ठेवलेलं असेल. अशा माणसाच्या हाती गावाच्या यात्रेची वेबसाइट दिल्यावर पुढं जे झालं ते व्हायचंच होतं.

वेबसाइटची गरज पडली ती हुग्गीमुळे. चैत्रात महादेवाची यात्रा भरते, पालखी निघते आणि पालखीनंतर गव्हाच्या हुग्गीची, म्हणजे गूळ घातलेल्या खिरीची, पंगत बसते. गहू आदल्या दिवशी भिजवावे लागतात, म्हणजे पाहुणे किती ते आधी कळावं लागतं. आणि पाहुणे म्हणजे पोटापाण्यासाठी पुण्याला, लातूरला, हैदराबादला गेलेली सगळी मंडळी. ही मंडळी 'येतो' म्हणाली की येत नाहीत आणि 'बघू' म्हणाली की लेकराबाळांसकट जीप भरून येतात. एका वर्षी हुग्गी इतकी उरली की शेवटी गावातल्या गाईंनीही तोंड फिरवलं. पुढच्या वर्षी ती इतकी कमी पडली की परळीचे एक व्याही अर्धपोटी उठले आणि त्यांनी ती बातमी परळीत घरोघर पोचवली. यात्रा समितीचे सचिव अप्पा, त्यामुळे अब्रू गेली ती अप्पांची.

अप्पांची मुलगी रुद्राणी पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. दिवाळीला आली तेव्हा तिनं समितीची वेबसाइट करून दिली. वर महादेवाचा फोटो, खाली यात्रेचा कार्यक्रम आणि त्याखाली चौकटीत पाहुण्यांसाठी दोन बटणं. हिरव्यावर लिहिलेलं, 'येतो म्हणून कळवण्यासाठी इथे दाबा.' लाल बटणावर, 'येणार नाही म्हणून कळवण्यासाठी इथे दाबा.' बटण दाबलं की पाहुण्याच्या फोनमध्ये समितीच्या पत्त्याचा मेल उघडणार, मजकूर आधीच लिहिलेला असणार आणि पाहुण्यानं तो फक्त पाठवायचा. याहून सोपं काम करायचं तर पाहुण्याच्या ऐवजी जेवावं लागलं असतं.

आता सुरक्षेचं सांगतो. या वेबसाइटआधी समितीचं एक फुकटातलं पान होतं आणि त्यावर महादेवाच्या फोटोखाली पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात यायची. समितीचे अध्यक्ष शहादेवराव यांनी ती भर सभेत मोबाइल उंच धरून सगळ्यांना दाखवली होती आणि दाखवताना ते अप्पांकडे बघत होते. ती सल अप्पांच्या मनात होतीच. त्यांनी रुद्राणीला बजावलं की बाहेरचं काही म्हणजे काही या पानावर उघडता कामा नये, पार कडी-कोयंडा लाव. रुद्राणीनं लावला. त्याला संगणकवाल्यांच्या भाषेत कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी म्हणतात, हेही तिनं सांगितलं. एवढ्यानं समाधान न होऊन अप्पांनी समितीत ठराव मांडला, की सुरक्षेत कोणताही बदल समितीच्या सभेवाचून होणार नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला, कारण तो कुणाला कळला नव्हता.

इथवर सगळा समितीचा मामला झाला. पण अप्पांचा जीव अडकला होता तो एकाच मेलमध्ये, धाकट्या भावाच्या, संगमेश्वरच्या.

संगमेश्वरचं केजला कापडाचं दुकान. पूर्वी तो दर यात्रेला यायचा, पालखीला दोघे भाऊ शेजारी शेजारी खांदा द्यायचे. यात्रेचं आवतण भावकीत घरच्या माणसानं विडा-सुपारी घेऊन द्यायचं, दारात जाऊन द्यायचं, ही रीत. एका वर्षी मोटारींचा सीझन ऐन भरात होता, अप्पांना दुकान सोडता येईना, म्हणून त्यांनी संगमेश्वरला फोनवर आवतण दिलं. त्यावर संगमेश्वर म्हणाला, "फोन तर मानूस गॅसच्या टाकीलाबी लावतो." तेव्हापासून तो आला नाही. अप्पांचं म्हणणं, थोरल्यानं धाकट्याच्या दारात किती वेळा जायचं. संगमेश्वरचं म्हणणं, एकदा तरी. बायकांचं मात्र काही म्हणणं नव्हतं. दानम्मा आणि त्यांची केजची जाऊ शिवकन्या यांचा फोन रोज सकाळी नेमानं चालायचा, लोणच्याच्या बरण्या जीपवाल्याबरोबर इकडून तिकडं जायच्या. पण पुरुषांच्या रुसव्यात बोलायचं नाही असं दोघींनी ठरवून टाकलं होतं, आणि त्या फक्त त्याच विषयावर बोलायच्या.

म्हणून अप्पांना वेबसाइट म्हणजे देवानंच पाठवलेली वाटली. ती दारात जाणंही नव्हे आणि फोनही नव्हे. त्यांनी सगळ्या पाहुण्यांना पाठवला तोच निरोप संगमेश्वरलाही पाठवला, खाली साइटचा पत्ता. निरोपावर निळ्या खुणा आल्या. अप्पा वाट बघू लागले.

मेल आला नाही. संगमेश्वरचा नाही, पुण्याचा नाही, कुणाचाच नाही. दुकानात गिऱ्हाईक पाइप मोजून मागत असताना अप्पा मोबाइल उघडून बघायचे, मग बंद करायचे, मग पुन्हा उघडायचे. कुलपाची सवय अशी कामाला आली. घरी दानम्मा विचारायच्या की गहू किती भिजवायचे, आणि अप्पा म्हणायचे, "थांब जरा, येतील." यात्रा आठवड्यावर आली तरी कुणी येतोही म्हणेना आणि नाहीही म्हणेना. गावावरचा लोकांचा जीवच उडाला, अशा निष्कर्षाला अप्पा एका दुपारी पोचले आणि जेवताना त्यांनी भाकरी अर्धी ठेवली.

त्यांना धीर द्यायला शेजारचे राधाकिशन आले. राधाकिशन विमा एजंट असल्यामुळे दुसऱ्याच्या संकटात वेळेवर पोचायची त्यांना सवय आहे. त्यांनी सुचवलं की निदान तुमी सोता तरी दाबून बघा. अप्पांनी हिरवं बटण दाबलं. काहीच झालं नाही. लाल दाबलं. तेही ढिम्म. राधाकिशननी अंगठ्यानं दाबलं, मग करंगळीनं दाबलं, मग फोन आडवा करून दाबलं.

अप्पांच्या छातीवरचा धोंडा उतरला. लोक वाईट नव्हते, बटण वाईट होतं. पण लगेच दुसरा धोंडा बसला, की संगमेश्वरनं बटण दाबलं असेल आणि ते उघडलं नसेल तर त्याला काय वाटलं असेल.

पुढचे दोन दिवस उपायांत गेले. हनुमाननं ऑनलाइन सेंटरातून हाक मारून सांगितलं की सर्व्हर डाऊन असणार. हे तो सातबाऱ्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळ्यांना सांगतो आणि बहुतेक वेळा ते खरं निघतं. मग त्यानं अप्पांचा दुकानातला कॉम्प्युटर 'साफ' केला. बटण चालू झालं नाही, पण दुकानाचे सगळे पासवर्ड गेले आणि बिलाच्या मथळ्यावर अप्पांच्या नावाऐवजी नुसत्या चौकटी येऊ लागल्या. शहादेवरावांनी तलवाड्याहून, लेकीच्या घरून, फोनवर विचारलं की कॉम्प्युटरचं तोंड दक्षिणेला आहे का. होतं. तो फिरवताना पाइपांची थप्पी कोसळली आणि एक गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच परत गेलं.

शेवटी अप्पांनी रुद्राणीला फोन लावला. आधी लावला नव्हता, कारण मुलीपुढं बापाला काही येत नाही असं दिसू नये, ही त्यांची एक सुरक्षा होती. रुद्राणीनं तिकडं बघितलं आणि ती हसायला लागली.

"अप्पा, तुम्हीच म्हणाला होतात ना, परकं काही उघडायचं नाही? ती बटणं चौकटीत आहेत. मेल उघडायचा म्हणजे चौकटीच्या बाहेर पाऊल टाकायचं. तुमची पॉलिसी त्याला अडवते."

"अगं पन मेल आपलाच हाय की."

"आपलाच आहे. पण परवानगीच्या यादीत नाही."

ती म्हणाली, काम एका शब्दाचं आहे, ऑफिस सुटल्यावर करते, फक्त समितीच्या नंबरवर कोड येईल तो सांगा. दुर्दैवानं फोन स्पीकरवर होता आणि राधाकिशन स्टुलावर बसलेले होते. त्यांना बाकीचं काही कळलं नाही, पण वेबसाइटवर परवानगीची एक यादी आहे आणि तीत काही जण आहेत, काही जण नाहीत, एवढं कळलं. दिवेलागणीपर्यंत ते सबंध सिरसाळ्याला कळलं.

समितीचा नंबर म्हणजे शहादेवरावांचा जुना बटणांचा फोन, आणि तो त्यांच्याबरोबर तलवाड्याला. ते तेव्हा लेकीच्या शेतात होते आणि तिथं रेंज नाही, म्हणून ते लिंबाच्या झाडाजवळच्या बांधावर चढले. पहिला कोड चष्मा सापडेपर्यंत संपला. दुसऱ्या वेळी त्यांनी मोठ्या आवाजात आकडे वाचले, ते रिचार्जच्या जुन्या मेसेजमधले निघाले. तिसऱ्या वेळी त्यांनी कोड सांगायला साफ नकार दिला. कोड कुणालाही सांगू नये असं त्यातच लिहिलंय, म्हणाले, आणि शिवाय सुरक्षेत बदल करायचा तर सभा घ्यावी लागते, तुमचाच ठराव हाय. अप्पांनी आयुष्यात अनेक कुलपं लावली, पण स्वतःला आत ठेवून बाहेरून लावलेलं हे पहिलंच.

यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी शहादेवराव परत आले आणि देवळाच्या ओट्यावर सभा बसली. एरवी सभेला माणसं पकडून आणावी लागतात. त्या दिवशी ओटा पुरेना, कारण प्रत्येकाला यादी बघायची होती. अप्पांनी सांगून बघितलं की ही माणसांची यादी नव्हे. पण यादी आहे आणि माणसांची नाही, हे सिरसाळ्यात आजवर घडलेलं नव्हतं. शहादेवराव शांतपणे म्हणाले की पालखीचा पहिला खांदा आमच्या घरचा, तवा पहिलं नाव आमचं. त्यावर कौशल्याबाई पदर खोचून पुढं आल्या. पहिली आरती त्यांच्या घरची असते, आणि आरती आधी का खांदा आधी, एवढंच त्यांनी विचारलं. मग दिवटीवाले उठले, वाजंत्रीवाले उठले. राधाकिशन कसलेच मानकरी नव्हते, तरी पॉलिसीचा विषय निघालाच आहे तर आपलं नाव असावं असं त्यांना वाटलं.

अप्पा हात जोडून म्हणत होते की रुद्राणीला करू द्या. पण कोड आता हनुमानकडं गेला होता, आणि हनुमाननं लॅपटॉप मांडीवर घेतला होता, आणि सगळा ओटा त्याच्या डोक्यावर वाकला होता. त्यानं यादीतलं सगळं इंग्रजी पुसलं आणि मानाच्या क्रमानं नावं भरली. शहादेवरावांच्या आधी 'श्री.' आणि नंतर 'पाटील' लिहिलं. कौशल्याबाईंचं नाव खांद्याच्या ओळीतच पण किंचित वर घेतलं. मग त्यानं सेव्ह केलं आणि साइट उघडली.

पान पांढरं आलं. कार्यक्रम नाही, बटणं नाहीत, वरचा महादेवाचा फोटोही नाही.

"देव कुठं गेला बे?" शहादेवरावांनी विचारलं.

हनुमाननं पान पुन्हा एकदा उघडून बघितलं. "यादीत नव्हता," तो म्हणाला.

त्यानंतर सभेत कोण काय म्हणालं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळे एकाच वेळी म्हणाले आणि सगळ्यांचं तोंड अप्पांकडं होतं. देवाला आपल्याच पानावर मज्जाव झाला, तोही सचिवांच्या सुरक्षेमुळे. तेवढ्यात पुण्याहून फोन आला की साइट कोरी दिसते, यात्रा रद्द झाली काय. मग लातूरहून आला. अप्पा एकेकाला सांगत राहिले की यात्रा आहे, देव आहे, हुग्गी आहे, फक्त पान नाही. प्रत्येक फोनला त्यांना वाटायचं की हा केजचा असेल, आणि तो केजचा नसायचा. रुद्राणीला कळवलं तर तिनं आधी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. नावं काढते, ती म्हणाली, तासाभरानं फोन करते, तोवर कुणी कशाला हात लावू नका.

अप्पा दुकानात येऊन बसले. बाहेर यात्रेचे पाळणे उभे राहत होते, रेवड्यांची दुकानं लागत होती, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना भावाची आठवण येत होती आणि आता ती त्यांनी स्वतःपासूनही लपवली नाही. विडा-सुपारी घेऊन केजला जायला एक सकाळ लागली असती. एक सकाळ वाचवायला त्यांनी काही वर्षं घालवली होती.

तेवढ्यात दारात जीप थांबली आणि संगमेश्वर उतरला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, तोंड मात्र तसंच फुगलेलं होतं. तो आत आला नाही, पायरीवरच उभा राहिला.

"अण्णा, मी जेवायला आलो न्हाई. सांगायला आलोय."

"काय सांगायला?"

"की मी यात्रेला येनार न्हाई."

अप्पांनी हातातला मोबाइल गल्ल्यावर ठेवला.

"तुमचं ते लाल बटन दाबून दाबून बोट झिजलं माझं," संगमेश्वर म्हणाला. "आठ दिस झाले, रोज दाबतोय. येतच न्हाई तर न्हाई म्हनून तरी कळवावं, म्हनलं, मानसानं रीत सोडू नये. तर उघडतच न्हाई. आज बघितलं तर सगळं पानच पांढरं. ह्या बाजूनंबी दार लावलं का भावानं?"

"म्हनजे येनार न्हाई एवढं सांगायला तू केजहून आलास?"

"मग कसं सांगू? फोनवर? फोन तर मानूस..."

"गॅसच्या टाकीलाबी लावतो," अप्पा म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं. ते हसता हसता डोळ्यांना पाणी कधी आलं ते त्यांनाही कळलं नाही. संगमेश्वरनं थोडा वेळ तोंड फुगवून ठेवायचा प्रयत्न केला, पण त्याच्या खांद्यांनी दगा दिला आणि तोही पायरीवर बसून हसू लागला. दोघे नुसते हसत होते आणि जीपवाला भाडं कुणाकडून घ्यायचं म्हणून ताटकळला होता.

अप्पा उठले. गल्ल्याशेजारच्या पितळी डब्यातून त्यांनी पान काढलं, सुपारी ठेवली आणि पायरी उतरून धाकट्या भावाच्या हातात दिली. दारात जाऊनच दिलं म्हणायचं, दार स्वतःचं असलं म्हणून काय झालं. संगमेश्वरनं विडा कपाळाला लावला.

घरी गेले तर दानम्मांनी हात-पाय धुवायला पाणी काढून ठेवलेलं, पाट मांडलेला. अप्पांनी विचारलं की हा येतोय हे तुला कसं कळलं. "शिवकन्येचा फोन आलता सकाळी," त्या म्हणाल्या. "भाऊजी येनार न्हाई सांगायला निघालेत म्हनली. मी तवाच गहू वाढवून भिजवले." अप्पांनी आपल्या वेबसाइटचा विचार केला आणि पाटावर बसले.

जेवण चालू असतानाच रुद्राणीचा फोन आला. नावं काढली, ती म्हणाली, महादेव परत आला. बटणं चौकटीबाहेर उघडतील असा शब्द घातलाय, आता दोन्ही चालतात, बघा दाबून.

अप्पांनी समोर बघितलं. संगमेश्वर शेंगांच्या चटणीला पुन्हा हात घालत होता.

"हिरवं चालू राहू दे," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "लालचा तेवढा शब्द काढून टाक. पहिल्यासारखं कर."

"अप्पा, अहो, का? लोकांना नाही म्हणायचं असेल तर?"

"सुरक्षा," अप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पालखीला दोघा भावांनी शेजारी शेजारी खांदा दिला. हिरव्या बटणानं शेवटच्या घडीला इतके मेल आले की हुग्गी पुन्हा थोडी कमीच पडली, पण परळीच्या व्याह्यांना पहिल्या पंगतीला बसवलं होतं, त्यामुळे अब्रू राहिली. यात्रा संपली, जीप दारात आली. दानम्मांनी शिवकन्येसाठी दिलेला हुग्गीचा डबा संगमेश्वरनं मांडीवर नीट धरला आणि रुसव्याची काही तरी निशाणी मागे राहावी म्हणून जाता जाता म्हणाला, "अण्णा, आत्ताच सांगून ठेवतो. फुडल्या वर्षी मला जमनार न्हाई."

"असं तोंडी चालत न्हाई आता," अप्पा म्हणाले. "साइटवर कळव. तिथं लाल बटन हाय."